बिननावाची मूठ

१

ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी इंग्लंडात बँका बंद असतात, आणि त्या एका सोमवारच्या जोरावर अख्खा देश तीन दिवस पाय पसरून बसतो. तिथे शिकायला गेलेल्या आपल्या पोरांना मात्र ही सुट्टी खायला उठते. होस्टेल ओस पडतं, आणि ज्यांचे काका-मामा त्या देशात आहेत ती पोरं बॅगा भरून त्यांच्याकडे जेवायला पळतात.

मयुरी पाटील शेफील्डला एम.एस्सी. करत होती. पंधरवडाभर नूडल्स आणि सफरचंदांवर दिवस काढत ती प्रबंध लिहीत होती. अशात जितेंद्रकाकांचा फोन आला, "कानबाई बसवतोय गं. रोट खायला ये." मयुरीने लॅपटॉप मिटला, आधी तिकीट काढलं आणि मग आईला कळवलं.

जितेंद्रकाका म्हणजे तिच्या वडिलांचे चुलतभाऊ. पूर्वी दीपनगरच्या वीजकेंद्रात नोकरीला होते, तिथून इंग्लंडातल्या कुठल्याशा वीजकेंद्रात गेले आणि समुद्राकाठच्या एका लहान गावात घर घेऊन बसले. मूलबाळ नाही. वर्षभर त्यांनी मयुरीला एकदाही बोलावलं नव्हतं, याचा तिला थोडा रागही होता. पण रोट म्हटल्यावर राग किती वेळ टिकणार?

कानबाई हे खानदेशचं दैवत. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरोघर बसते आणि सोमवारी पाण्यात जाते. यंदा अधिक महिन्याने श्रावण लांबला आणि कानबाईचा रविवार नेमका इंग्रजांच्या सुट्टीत येऊन पडला. तिच्या नैवेद्याच्या रोटांचे, म्हणजे जाड पोळ्यांचे, गहू मोजायचे नाहीत की तोलायचे नाहीत, मुठीने घ्यायचे. घरातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ गहू टोपलीत टाकायचे. पाळण्यातलं पोरगं असलं तरी त्याची मूठ असते.

पोरींची नसते. धुळ्याजवळ कापडण्याला, मयुरीच्या घरी, तिचे आजोबा भाईदासआबा नावं घ्यायचे आणि सात वर्षांची मयुरी टोपलीला खेटून उभी राहून आपली मूठ मागायची. "आबा, मनी मूठ?" आबा हसायचे. "पोरीसनी मूठ नही राहत. तुनी मूठ तुना सासरे." एका वर्षी तिने सरळ पोत्यात हात घातला, मूठ भरली, "मयुरी!" असं ओरडली आणि टोपलीत टाकली. आबांनी सगळे गहू परत पोत्यात ओतले आणि पहिल्यापासून मुठी घेतल्या. आईने तिच्या पाठीत एक धपाटा घातला तो वेगळा. मयुरी रडली नाही. पुढे इंजिनिअरिंगला जळगावला जायचं म्हणाली तेव्हाही घरात रामायण झालं, इंग्लंडचं काढलं तेव्हा महाभारत झालं, आणि दोन्ही वेळा ती रडली नाही.

२

काका स्टेशनवर गाडी घेऊन आले होते. बारीक झाले होते. रस्ताभर हवेबद्दल बोलले, इंग्रजांसारखे.

घर साधंच होतं. पुढच्या दाराला खरबरीत काच, तिच्यातून पलीकडचं नुसतं धुरकट दिसतं. आत अरुंद पॅसेज, डाव्या हाताला बैठकीची खोली, समोर स्वयंपाकघर, आणि पॅसेजमधूनच वर गेलेला गालिच्याचा जिना. दीपमालाकाकूंनी तिला दारातच मिठी मारली. "उनी व माय! हातपाय धोय, जेवाले बस." वर्षभराने कानावर अहिराणी पडली आणि मयुरीचे डोळे भरून आले.

शेवेची भाजी होती, कळण्याची भाकरी होती, ठेचा होता. काकूंनी पहिलं ताट वाढलं ते मात्र मयुरीला दिलं नाही. त्यावर दुसरं ताट पालथं झाकलं, पॅसेजमध्ये जाऊन ते जिन्याच्या खालच्या पायरीवर ठेवलं आणि परत आल्या.

"कोणाचं ताट, काकू?"

"वरे शे ना, तेले," काकू म्हणाल्या आणि भाकरी मोडायला लागल्या.

वर कोणीतरी आहे, त्याला. मयुरीने आपला हिशेब लावला. भाडेकरू असणार. इकडे घरोघरी एखादी खोली भाड्याने देतात, आणि काकूंचा जीव मोठा, जेवणही घालत असतील. तिने काकांकडे पाहिलं. काका ठेच्याकडे पाहत होते.

"पंजाबी आहे का? की आपलाच कोणी?"

"जेव," काका म्हणाले.

जेवणं झाल्यावर ती पाणी प्यायला उठली तेव्हा पायरीवरची दोन्ही ताटं तशीच होती, एकावर एक. खालचं ताट स्वच्छ होतं. ठेच्याचा तेलकट डागही नव्हता. जिना करकरल्याचं तिने ऐकलं नव्हतं. गालिचा जाड असेल, असं तिने मनात म्हटलं, आणि काकूंनी दाखवलेल्या वरच्या खोलीत झोपायला गेली. जिना चढताना तिचं प्रत्येक पाऊल करकरलं.

३

वर बाथरूम सोडून तीन दारं होती. एक काका-काकूंचं, एक तिचं, आणि टोकाला एक अरुंद खोली, सामान ठेवायची असते तशी.

सकाळी उजाडताच तिला जाग आली. छपरावर समुद्रपक्षी ओरडत होते. टोकाच्या खोलीतून दुसराच एक आवाज येत होता, जुन्या घरघंटीत मूठमूठ गहू टाकावेत तसा. खर्र. थांबायचा. पुन्हा खर्र. मध्ये कोणीतरी हळूच काहीतरी म्हणत होतं. शब्द कळत नव्हते, पण चाल ओळखीची वाटली. लहान मूल पाढे पाठ करतं, अडखळतं, पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं, तशी.

बिचारा इंग्रजीचा अभ्यास करत असेल, असं मयुरीने ठरवलं. नवीन आलेली पोरं करतात. ती बाथरूमला गेली. ब्रशच्या भांड्यात काकांचा आणि काकूंचा असे दोनच ब्रश होते. दोनच टॉवेल. ज्याला अंघोळ लागत नाही आणि दात घासायचे नसतात असा कसला हा भाडेकरू? तिला हसू आलं.

परत येताना ती टोकाच्या दाराशी थांबली. आतला आवाज थांबला. तिने तोंड उघडलं, "हॅलो" म्हणायला. तेवढ्यात दाराच्या आतून, अगदी जवळून, तिच्याच उंचीवरून कोणीतरी श्वास घेतला. बोलण्याआधी माणूस घेतो तसा. आणि बोललं काहीच नाही.

मयुरी खाली आली. काकू गॅसपाशी चहा ढवळत होत्या.

"काकू, त्या खोलीत कोण आहे, खरं सांगा."

"साखर कितली टाकू?" काकूंनी विचारलं.

४

शनिवारी दुपारी काकूंनी बैठकीच्या खोलीत चादर अंथरली, गव्हाची पिशवी आणली आणि नवी टोपली ठेवली. कोपऱ्यात जळगावहून आणलेली घरघंटी होती, विमानात तिचं वजन कसं बसवलं ही काकांची आवडती गोष्ट होती म्हणे. आज काकांनी ती सांगितली नाही. ते मागच्या अंगणात गवत कापत होते. कापलेलंच पुन्हा कापत होते.

काकूंनी हात जोडले, पिशवीत हात घातला. "तुना काकानी," म्हणाल्या, आणि सव्वा मूठ गहू टोपलीत टाकले. नवऱ्याचं नाव त्या घेत नसत.

मग त्यांनी पुन्हा मूठ भरली. या वेळी काहीच म्हणाल्या नाहीत. ही मूठ टोपलीत गेली नाही. त्यांनी ती पितळी वाटीत ओतली. मूठ एवढीशी, आणि वाटी काठोकाठ भरली.

"मयुरी, आठे ये. ह्या मुठवर हात ठेव आन तुनं नाव ले."

पोरीची मूठ! भाईदासआबांनी हे बघायला हवं होतं. तिला वाटलं, इतकी वर्षं सातासमुद्रापलीकडे राहून काकू सुधारल्या. ती मांडी घालून बसली आणि तिने बाह्या वर केल्या.

"थांबा, मी माझी मूठ भरते," म्हणत तिने पिशवीकडे हात नेला.

काकूंनी तिचं मनगट धरलं. हात गार होता आणि पकड भलतीच घट्ट. "नवी नको. हाईच तुनी."

"ही तुम्ही भरलीय ना? कोणाची म्हणून भरली?"

"तुनी. तू नाव ले म्हंजे तुनी."

वर, टोकाच्या खोलीत, काहीतरी दाराला टेकलं. नुसतं टेकलं. मयुरीला तो आवाज अगदी स्पष्ट ऐकू आला, आणि काकूंनाही आला, कारण त्यांनी छताकडे पाहिलं आणि मग तिच्या ओठांकडे पाहिलं. अन्नावरची माशी पाहावी तसं टक लावून.

मयुरीच्या डोक्यात तिडीक गेली. भीती नंतर आली, आधी तिडीक गेली, तिचा स्वभावच तो. "मी घेईन तर माझ्या हाताने माझी मूठ घेईन. दुसऱ्याने भरलेल्या मुठीला माझं नाव नाही देणार."

"असा का हट्टीपणा करस व?"

"लहानपणापासून करते. कापडण्यात कोणालाही विचारा."

काकूंनी मनगट सोडलं. तिथे चार बोटांची पांढरी खूण उमटली होती. काकांच्या मुठीचे गहू दळले गेले. पितळी वाटी तशीच राहिली, कानबाईसाठी मांडलेल्या पाटापुढे. त्या रात्री मयुरी वर झोपायला गेली नाही. कंबर धरलीय असं सांगून खालच्या सोफ्यावर पडली, दिवा चालू ठेवून.

५

रविवारी कानबाई बसली. नारळाला नथ, हिरवी साडी, गळ्यात काकूंचं मंगळसूत्र. गंगाफळ मिळालं नाही म्हणून कुठलासा इंग्रजी भोपळा आणला होता, त्याची भाजी झाली. खीर झाली. घरभर तुपाचा वास सुटला. उन्हाचा पट्टा गालिच्यावर पडला होता आणि शेजारच्या अंगणातून मांस भाजल्याचा वास आणि हसण्याचे आवाज येत होते. भीती वाटावी असं त्या दुपारी काहीच नव्हतं, आणि मयुरी स्वतःला पुन्हा पुन्हा तेच सांगत होती.

पायरीवरचं ताट सकाळपासून तसंच होतं. भरलेलं. झाकण कोणीतरी बाजूला काढून ठेवलं होतं आणि घासाला हात लावला नव्हता.

काकूंनी ते पाहिलं आणि जिन्यापाशीच बसल्या. "देख. रुसनं," म्हणाल्या.

"काकू, आता सांगा," मयुरी म्हणाली. "नाहीतर मी ते दार उघडते."

काकूंनी सांगितलं. लाजत नव्हत्या, रडत नव्हत्या. भाजीला मीठ किती टाकलं ते सांगावं तसं सांगितलं.

"पहिला सालले तुना काकानी एकच मूठ. सव्वा मूठ गहू, तेना रोट कितला? तळहातना एवढा. गावमा टोपली भरीन रोट व्हतस, आन आठे हाई एवढा. घर रिकामं दिसे व. माले बरं नही वाटनं. मंग मी आखो एक मूठ ली लिधी."

"कोणाच्या नावाची?"

"कोनाच नही. नुसती."

"मग?"

"मंग काय. जेवाले उनं."

मागच्या अंगणात गवत कापायचं यंत्र बंद पडलं.

ते जेवायला आलं तेव्हापासून दरवर्षी मूठ घ्यावी लागली, काकू म्हणाल्या. नाही घेतली तर ते खाली येऊन मागायचं. दरवर्षी ते मोठं झालं. आता नुसत्या मुठीवर राहत नाही, नाव मागतं. रात्रंदिवस नावंच म्हणत बसतं, या घरात ऐकलेली सगळी. एकही लागू पडत नाही, आपल्या माणसाने दिलेलंच लागतं. "मनं दिधं मी. नही लिधं. रक्तनं पाह्यजे, तुना काकासनं रक्त. आन रिकामं पाह्यजे, कोन्हा मुठवर नही असं." त्यांनी मयुरीकडे पाहिलं. "पोरीसनं नाव रिकामंच ऱ्हास ना व?"

मयुरीच्या आता लक्षात आलं. म्हणून वर्षभर बोलावलं नाही, आणि म्हणून आज बोलावलं.

"आणि नाव मिळालं की?"

"मंग जाई. आम्हले सोडी. जेनं नाव, तेना घर जाई."

"म्हणजे कापडण्याला. माझ्या आईकडे. माझं नाव घेऊन."

काकूंनी ताट पायरीच्या कडेला सरकवलं.

"आणि मी? मी कोण राहीन मग?"

काकू पदराने पायरी पुसायला लागल्या. पायरी स्वच्छच होती.

६

काका आत आले. बुटांना गवत चिकटलेलं, कपाळावर घाम. मयुरीला वाटलं, आता हे तरी माणसासारखं बोलतील.

"बोलून टाक ना, बेटा," काका म्हणाले. "एका नावाने काय जातं? तू तुझी राहशीलच की."

"मग तुमचं द्या, काका."

"माझी मूठ आहे ना," ते पटकन म्हणाले, आणि स्वतःच्या पटकनपणाची त्यांना लाज वाटली असावी, कारण त्यांनी तोंड फिरवलं. "आम्ही म्हातारे होत चाललो गं. आम्ही मेल्यावर याला कोण वाढेल?"

तिला त्यांची दया आली, खोटं कशाला बोला. दोन माणसं, परका देश, आणि वर ते. पण दया आली म्हणून कोणी स्वतःचं नाव काढून देत नाही. ती कानबाईपुढे गेली. देवीला नमस्कार केला. मग पितळी वाटी उचलली. वाटी जड होती, आणि कडा कोमट होत्या.

"मयुरी, नको व!" काकू किंचाळल्या.

मयुरी स्वयंपाकघरातून मागच्या दाराशी गेली आणि वाटीतले गहू तिने अंगणात भिरकावून दिले. छपरावरचे समुद्रपक्षी झेपावले, गवताच्या वर घिरट्या घातल्या, आणि एकही खाली न उतरता सगळे दूर उडून गेले. शेजारी हसणं थांबलं नव्हतं. कोणीतरी इंग्रजीत आणखी बर्फ मागत होतं.

मग वरचं दार उघडलं.

काका-काकू कानबाईच्या पाटाशी जाऊन बसले, एकमेकांना चिकटून, डोळे मिटून. त्यांना सवय होती, हे मयुरीला तेव्हा कळलं. जिना करकरला. एक पायरी. थांबणं. आणखी एक पायरी. पाय नुकता टाकायला शिकलेलं कोणीतरी, पण वजनाने मोठं.

"देखू नको," काकू डोळे मिटूनच कुजबुजल्या.

मयुरी पॅसेजमध्ये गेली आणि जिन्याच्या तळाशी उभी राहिली. खिडकीतलं ऊन जिन्याच्या अर्ध्यापर्यंतच पोचत होतं, त्याच्या वर सावली होती. सावलीतून कठड्यावर एक हात आला. तिला तेवढंच दिसलं. मूठ होती, गच्च मिटलेली, मळलेल्या कणकेच्या रंगाची. नखं नव्हती. करंगळी मात्र बाहेरच्या बाजूला वाकडी होती, तिच्या बापाची होती तशी, आबांची होती तशी. खुद्द तिची होती तशी.

"नाव," वरून आवाज आला. घोगरा, धड बाईचा नाही, बाप्याचा नाही. "मनं नाव?"

मयुरीने जिन्याचा कठडा खालून धरला. तिच्या हाताखाली लाकूड थरथरत होतं. "नाही मिळणार," ती म्हणाली. आवाज फाटला, म्हणून तिने पुन्हा म्हटलं, मोठ्याने. "तुझी मूठ मी फेकली. माझं नाव मी वापरतेय. जा वर!"

मग मूठ सावलीत मागे गेली. दार लागलं. पायरीवरच्या ताटातली खीर तेवढी थरथरून शांत झाली.

७

रविवारी संध्याकाळी परतीची गाडी नव्हती, म्हणून मयुरीने रात्र सोफ्यावर जागून काढली. सोमवारी सकाळी काकांनी तिला स्टेशनवर सोडलं. उतरताना काका म्हणाले, "आम्ही आता कानबाई घेऊन समुद्रावर जातो. ओहोटीच्या आधी." जणू तिने विचारलंच होतं. मग म्हणाले, "रोट बांधून दिले असते, पण..." आणि गाडी वळवून निघून गेले.

मयुरी आगगाडीत बसली तेव्हा तिला कळलं की आपण दोन दिवस दात आवळून आहोत, जबडा दुखतोय. डबा जवळजवळ रिकामा होता. बाहेर सपाट शेतं आणि पवनचक्क्या. तिला एकदम खूप मोठ्याने हसावंसं वाटलं. कोणी काही म्हणो, आपण नाही म्हणालो. आबांना नाही म्हणालो होतो, याही बाबतीत म्हणालो. हे सगळं आईला कसं सांगायचं, किती सांगायचं, याचा विचार करत तिने फोन लावला.

आई हसतच बोलली. पाठीमागे बायकांचा गलका होता, घरी कानबाई नुकतीच बोळवली होती. "अवं, आते तं बोलनूत आपण! आखो काय ऱ्हायनं?"

"आत्ता? मी नाही केला फोन."

"असं काय करस? काकूना मोबाइलवरथून करा ना तू. तुना आवाज तं पुरा बठी जायेल शे. थंड पानी पेस व्हशी. आन काय येडाना मायेक इचारस, मनं नाव काय म्हनीन!"

गाडी कुठल्याशा नदीवरून धडधडत गेली. मयुरीने पुलाचा आवाज संपू दिला.

"तू काय सांगितलंस, मम्मी?"

"काय सांगसू? गंमत करी ऱ्हायनी असं वाटनं माले. मी म्हनं, येडी व्हयनी का? मयुरी! मयुरी अभिमन पाटील! मंग तूच तं दोनदा म्हनी दखाडं, लहानपने शाळामा म्हने तशी. कितली हासनूत आम्ही बठ्ठ्या." आई थांबली. "घर येस म्हने ना तू? आजच निंघस म्हने. मयुरी? आयकू येस का?"

मयुरीला ऐकू येत होतं. तिने आईला सांगितलं की आज कोणीही आलं, तिच्या तोंडाचं असलं तरी, तिच्या आवाजाचं असलं तरी, दार उघडायचं नाही. आई घाबरली, का म्हणून विचारत राहिली. मयुरीने फोन ठेवला. ते विमानाने जाणार की चालत, एका दिवसात की एका क्षणात, हे तिला कुठे ठाऊक होतं? पण अजून ते त्या घरात असेल तर रस्त्यावर यायला पुढचं एकच दार होतं, आणि त्या दाराशी पोचता येत होतं.

तिने बॅग खाली काढली. प्रबंध, शेफील्ड, होस्टेलची खोली, सगळं गाडीबरोबर पुढे गेलं. पुढच्या स्टेशनवर मयुरी उतरली आणि पूल ओलांडून उलट बाजूच्या फलाटावर जाऊन उभी राहिली.

८

काकांची गाडी दारात नव्हती. समुद्रावरून ते अजून आले नव्हते. गल्लीत ऊन होतं, एक बाई मोटार धूत होती, आणि तिने पाण्याची नळी खाली करून मयुरीकडे दोनदा पाहिलं. एकदा तिच्याकडे, एकदा घराकडे.

मयुरी फाटकातून आत गेली.

दाराच्या खरबरीत काचेमागे कोणीतरी उभं होतं. काच नीट काही दिसू देत नव्हती. उंची तिच्याएवढी. खांद्यावर आलेले केस, काळे. कणकेचा फिकट रंग जाऊन तिथे आता सावळा रंग आला होता, आणि ती पाहत असतानाच तो आणखी नीट होत होता. चेहऱ्याच्या जागी अजून सपाटच होतं. ते पायांत काहीतरी घालत होतं. बाहेर निघायच्या घाईत माणूस घालतो तसं, एका पायावर तोल सांभाळत, भिंतीला हात लावून.

आणि तोंडातल्या तोंडात म्हणत होतं. मयुरी अभिमन पाटील. मयुरी अभिमन पाटील. आता अडखळत नव्हतं.

मयुरीला वाटलं, आपल्याला आपलंच नाव आठवणार नाही. खरंच क्षणभर आठवलं नाही. पॅसेजमध्ये ते नाव इतक्या सहज उच्चारलं जात होतं की बाहेरची आपण कोण, हेच तिला कळेना. कानात समुद्राचा आवाज भरला. एक पाय मागे सरला. फाटक उघडं होतं, स्टेशन जवळ होतं, आणि कुठल्याही नावाशिवाय माणूस कुठेतरी जगतच असेल.

मग तिला राग आला. आबांनी पोत्यात परत ओतलेले गहू आले डोळ्यांसमोर. ज्या नावाला घरात मूठभर गहू नव्हते, ते नाव तिने परीक्षेच्या प्रत्येक कागदावर स्वतः लिहिलं होतं, पासपोर्टवर चढवलं होतं, या देशात एकटीने आणलं होतं. रिकामं म्हणे!

तिने बॅग पायरीवर ठेवली आणि दाराची मूठ बाहेरून घट्ट पकडली. पितळ कोमट होतं. पलीकडून कोणीतरी तीच पकडली होती.

"मयुरी अभिमन पाटील," ती म्हणाली, गल्लीला ऐकू जाईल अशी. "कापडणे, जिल्हा धुळे. ती मी. या नावात जागा नाही, भरलंय ते. कळलं?"

आतलं पुटपुटणं थांबलं. काचेमागचं सपाट तोंड हळूहळू तिच्याकडे वळलं, आणि काचेच्या इतकं जवळ आलं की तिथे वाफ धरली.

मयुरीने हात सोडला नाही, नजरही काढली नाही.

"नाव परत घ्यायला आलेय मी. आता उघड दार," ती म्हणाली.

कडी सरकली.